जुन्या बोलेरोसाठी वापरलेला मागचा एक्सल घेताना काय जुळवून पाहावे?

खानापूरकर (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, अडीच लिटर डिझेल इंजिनाची टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो आहे आणि जांबोटी-चोर्ला घाटाने तिचे गोव्याला नेहमी जाणे-येणे असते. गेल्या पावसाळ्यापासून मागून हुंकारासारखा आवाज येऊ लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि पाय काढला की त्याचा सूर बदलतो. मिस्त्रींनी डिफरेन्शियल (मागच्या एक्सलमधला, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच) उघडून क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चक्रांच्या जोडीचे, दाते झिजल्याचे दाखवले. कोल्हापूरच्या एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडे ब्रेक-ड्रमसहित पूर्ण मागचा एक्सल आहे. तो २०१७ च्या बोलेरोचा असून ‘बोल्ट सोडा, बोल्ट लावा, इतकेच काम’ असे त्यांचे म्हणणे आहे. एवढे वजनदार धूड इथवर आणून परत नेण्याची वेळ येऊ नये, म्हणून पैसे देण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

निपाणी गॅरेजवाले:
सर्वात आधी गुणोत्तर पाहा, बाकीचे नंतर. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की जो आकडा येतो ते गुणोत्तर, आणि ते तुमच्या व विक्रेत्याकडच्या अशा दोन्ही एक्सलचे एकच असावे लागते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर ४.१०, तोच क्राऊन ९ दात्यांच्या पिनियनबरोबर असेल तर ४.५६. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण ४.१० च्या जागी ४.५६ बसवले की त्याच वेगाला इंजिन सुमारे अकरा टक्के जास्त फिरते. चोर्ल्याची चढण सोपी वाटेल, पण हायवेला गाडी ओरडत पळेल आणि डिझेलही जास्त जाईल. शिवाय स्पीडोमीटरला गिअरबॉक्सकडून गती मिळत असेल, तर गाडी साठच्या वेगाने धावत असताना काटा सदुसष्टच्या आसपास दिसेल.

२०१६ मध्ये बोलेरोला दीड लिटरचे इंजिनही आले. तुमचे इंजिन अडीच लिटरचे आहे, त्यामुळे केवळ नाव सारखे आहे म्हणून गुणोत्तरही तेच असेल असे धरून चालू नका.

मोजण्यासाठी काही उघडावे लागत नाही. सपाट जागी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक जॅकने उचलून एक्सलखाली घोडी (आधाराचा स्टँड) द्या. दुसरे चाक जमिनीवर स्थिर राहिले पाहिजे. उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून एक्सलपर्यंत येणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने खूण करा. एकाने चाकाचे बरोबर वीस फेरे द्यायचे, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक अडलेले असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राऊनचा एकच फेरा होतो, म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागले की गुणोत्तर मिळते. ४१ फेरे आले तर ४.१०, साडेपंचेचाळीसच्या थोडे वर गेले तर ४.५६. चाकाचे दोनच फेरे देऊन अंदाज बांधू नका, तेवढ्यात पाव फेऱ्याची चूकही महागात पडते. विक्रेत्याकडच्या सुट्या एक्सलवरही हेच करता येते. एक ड्रम घट्ट धरून दुसरा फिरवायचा आणि पिनियनच्या फ्लँजचे (शाफ्ट जिला बोल्टने जोडतात त्या चकतीचे) फेरे मोजायचे.

संकेश्वर रोड:
वरील मताशी सहमत आहे. मात्र गुणोत्तर जुळले तरी तो एक्सल तुमच्या गाडीखाली बसेलच असे नाही. बोलेरोला मागे पाट्यांचे स्प्रिंग असतात, त्यामुळे एक्सलवरच्या दोन्ही स्प्रिंग-पॅडमधले (स्प्रिंग जिथे टेकतात त्या बैठकांमधले) अंतर आणि पॅडची रुंदी टेपने मोजून घ्या. आपल्याकडे कॅम्पर आणि पिकअपलाही लोक सरसकट बोलेरोच म्हणतात, आणि नियोला तर मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. तेव्हा माल कोणत्या गाडीचा, हे शक्य असल्यास त्या गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून ठरवावे. त्यानंतर ड्रमपासून ड्रमपर्यंतची लांबी, ड्रमचा व्यास, हँडब्रेकच्या केबलची जागा आणि प्रोपेलर शाफ्ट ज्या फ्लँजला लागतो तिची भोके पाहावीत. फ्लँज जुळत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत नेऊन नवी भोके पाडून घेण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. भोक किंचित जरी सरकले तरी शाफ्ट थरथरू लागतो आणि नवे बेअरिंगही लवकर जाते, म्हणून माझ्या मते तो मार्ग टाळावा.

पूर्ण एक्सलऐवजी फक्त क्राऊन-पिनियन घेण्याचा विचार असेल तर ती जोडी एकत्रच घ्या. ते दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि पुष्कळदा दोहोंवर एकच जोड-क्रमांक कोरलेला आढळतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला तर आज येतो तोच आवाज पुन्हा येईल.

चिकोडीहून:
थोडी भर घालतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी, प्रत्येक चाकाचा वेग सेन्सरने मोजणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. विक्रेत्याने सांगितलेले साल बरोबर असेल तर प्रश्न नाही, पण एक्सलवर चाकाच्या सेन्सरची जागा किंवा दातेरी रिंग दिसली तर त्या सालावर विश्वास ठेवू नका. आरसीवर चॅसिस आणि इंजिनाचा क्रमांक असतो, एक्सलचा नसतो. त्यामुळे या बदलासाठी आरटीओत जावे लागणार नाही. बिल मात्र घ्याच, आणि न जुळल्यास किती दिवसांत परत घेणार हे त्यावर लिहून घ्या.

खानापूरकर:
सर्वांचे आभार. शनिवारी मिस्त्रींना बरोबर घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. दोन्ही एक्सल सांगितल्याप्रमाणे मोजले असता वीस फेऱ्यांमागे चार-पाच फेऱ्यांचा फरक आला. पॅडचे अंतर आणि फ्लँज मात्र तंतोतंत जुळतात. विक्रेत्याचे म्हणणे असे, की आतला क्राऊन-पिनियनचा सेट काढून माझ्या गुणोत्तराचा सेट बसवून देतो.

निपाणी गॅरेजवाले:
त्यांना होकार देण्यापूर्वी पिनियनची खोली (तो किती आत बसतो) आणि बॅकलॅश (दोन्हींच्या दात्यांमधली ढिलाई) ते कसे लावणार, हे विचारा. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून, डायल गेज या काट्याच्या मापकाने मोजून, दात्यांना रंग लावून क्राऊनवर त्याचा ठसा कुठे उमटतो हे तुमच्या मिस्त्रींसमोर दाखवणार असतील तर घ्या. ‘हाताला अंदाज आहे’ असे उत्तर आले तर तोच सेट सुटा घेऊन काम इकडेच करून घ्या आणि त्यात जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेल भरा.