‘तुम्ही एकटे काय करणार?’ : हरणार हे दिसत असताना लढलेल्यांनी इथे लिहा

घाटमाथा

मागच्या आठवड्यात पावसात मुळशीला गेलो होतो. कांदाभजी, चहा, फोटो, नेहमीचंच. धरणाकडे बघत मित्राला सहज सांगितलं की या पाण्याखाली गावं आहेत, आणि १९२१ च्या रामनवमीला इथले शेतकरी बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसले होते. पांडुरंग महादेव बापटांचे ‘सेनापती’ बापट झाले ते याच सत्याग्रहात. तीनेक वर्षं चाललं, माणसं तुरुंगात गेली. मुंबईला वीज हवी होती, गिरण्या होत्या. धरण झालंच. ते पाणी आजही खाली कोकणात भिऱ्याला उतरतं आणि वीज होऊन मुंबईला जातं.

मित्रानं भजं तोंडात टाकलं आणि म्हणाला, “म्हणजे हरलेच ना शेवटी?”

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर ताम्हिणीत गाडी अडकली तेव्हाही सुचलं नाही. म्हणून हा धागा. एकच विनंती, गांधी-आंबेडकर-मंडेला यांची उदाहरणं नकोत, ती सगळ्यांना पाठ आहेत. स्वतःची किंवा घरातली गोष्ट लिहा. जिंकलात तरी चालेल, पण हरलेल्यांना आधी संधी.

चाळीस आर

मग मी लिहितो. सातारा जिल्हा, तालुका सांगत नाही.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले तेव्हा आमच्या आजोबांच्या रानाचं ०.४० चं ०.०४ झालं. चाळीस आराचे चार आर. रान जागेवर, बांध जागेवर, आम्हीच कसतोय, फक्त कागदावर छत्तीस गुंठे गायब. २०१६ ला पीक कर्जाला गेलो तेव्हा कळलं. सोसायटीचा सचिव हसून म्हणाला, “चार आरावर काय देऊ, कोंबड्यांचं खुराडं बांधतोस का?”

वडील म्हणाले, जाऊ दे, कसतोय ना आपण. मी म्हणालो, एक शून्य तर इकडचं तिकडं करायचंय, आठ दिवसांचं काम.

सहा वर्षं लागली.

तलाठी म्हणे, माझ्या हातात नाही, कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. अर्ज केला. तहसीलदारांनी तलाठ्याचा अहवाल मागवला. तलाठ्याची बदली. नवा आला, त्यानं मंडल अधिकाऱ्याकडे बोट दाखवलं. या सहा वर्षांत चार तलाठी झाले, आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून गोष्ट सांगितली. चौथ्याला सांगताना माझं मलाच वाटायला लागलं की आपण कीर्तनकार आहोत आणि हे आपलं नेहमीचं आख्यान आहे.

जुनं पान मिळत नाही, वाळवी लागली, असं तोंडी सांगत होते. तेच लिहून मागितलं तर कोणी देईना. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवस गेले, काही नाही. पहिलं अपील केलं. त्याच्या सुनावणीत साहेबांनी रेकॉर्ड रूम बघायची परवानगी दिली, बहुतेक माझा कंटाळा येऊन. तिथं दोऱ्यानं बांधलेली बाडं, वर बोटभर धूळ. शिपाई म्हणाला, शोधा तुमचं तुम्ही. दुपारी तीनच्या सुमाराला सापडलं. पानाची कडा खाल्लेली होती, पण आकडा शाबूत. शून्य, टिंब, चार, शून्य. चारची शाई जरा फुटलेली, शेवटचं शून्य मात्र असं गरगरीत की कोणी परकारानं काढलंय वाटावं. मी ते पान किती वेळ बघत बसलो काय माहीत. शिपायानं चहा आणला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

२०२२ ला आदेश झाला, सातबारा दुरुस्त झाला. पेढे वाटले. पंधरा दिवसांनी धाकट्या भावानं वाटणी मागितली. चार आर होते तेव्हा त्याला कधी रानाची आठवण आली नव्हती.

लढलो ते योग्य केलं का? अजून ठरलं नाही. झेरॉक्सवाला मात्र आता मला उधार देतो.

स्पष्टवक्ता

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या पूर्वजांनी उगाच सांगितलं नाही. छत्तीस गुंठ्यांसाठी सहा वर्षं! तेवढ्या वेळात दुसरा धंदा उभा राहिला असता.

चाळीस आर

राहिला असता की. पण धंद्याला कर्ज काढायला सातबाराच लागतो, साहेब.

लालबागची

घाटमाथा, तुमच्या मुळशीच्या विजेवर चालणाऱ्या गिरणीतच कदाचित माझे बाबा होते. साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते.

अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. चाळीत दत्ता सामंतांना कोणी नावानं म्हणत नसे, नुसतं ‘डॉक्टर’. पहिले दोन-तीन महिने गणपतीसारखे होते. सभा, घोषणा, गावाहून आलेली तांदळाची पोती. मग पोती आटली. चाळीतले निम्मे बाप्ये गावाला गेले, काही गुपचूप कामावर परतले. त्यांच्या दाराला कोणी काय फासलं ते लिहीत नाही. बाबा परतले नाहीत. तो संप आजवर कोणी रीतसर मागे घेतलेला नाही, हे तुम्ही वाचलं असेल. आमच्या घरात तो बाबांच्या मरणापर्यंत चालू होता. ‘मी सोडलं नाही’ हे वाक्य ते पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे.

आता दुसरी बाजू. आईनं खानावळीचे डबे सुरू केले. पहाटे चारला स्टोव्ह. दहा बाय बाराच्या खोलीत तिच्या पोळपाटाच्या आवाजानं आम्हाला जाग यायची. माझा मोठा भाऊ नववीतून शाळा सोडून मशीद बंदरला एका दुकानात लागला. तो हुशार होता, माझ्यापेक्षा जास्त. मी शिकले ते त्याच्या पगारावर. बाबांनी कधी पोळी लाटायला हात लावला नाही, डबे पोचवायला मात्र जायचे, चेहरा पाडून.

लोक म्हणतात गिरणी कामगार हरला. मला वाटतं बाबा हरलेच नाहीत, त्यांना ताठ मान मिळाली आणि ती त्यांनी शेवटपर्यंत मिरवली. त्याचं बिल आईनं आणि दादानं भरलं. तुमच्या धाग्यावर लढणारेच लिहिणार. ज्यांनी बिल भरलं ते कुठे लिहिणार?

घाटमाथा

हे वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही. धाग्याचा प्रश्नच मी अर्धवट विचारला होता. आता असं म्हणतो, बिल भरलेल्यांनीही लिहा.

खडू-फळा

लालबागची ताई, मग माझंही कबूल करून टाकतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवर मी शिक्षक होतो. पट सात. सात मुलं, चार इयत्ता, एक मी. शाळा बंद होऊन मुलं शेजारच्या मोठ्या शाळेत जाणार असं कानावर आलं. मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, पावसात कमरेएवढं पाणी. मी पेटून उठलो. घरोघर फिरलो, मुंबईत चाकरमान्यांना फोन लावले की नातवंडं गावी ठेवा, आजीआजोबांना सोबत होईल. ग्रामसभेचा ठराव केला, पऱ्याचे फोटो जोडून निवेदन दिलं. एक मुलगा नालासोपाऱ्याहून खरंच आला. पट आठ! त्या दिवशी हजेरीपत्रकात आठवं नाव लिहिताना हात थरथरला होता.

मग एका घरी गेलो. त्यांची मुलगी व्हॅननं इंग्रजी शाळेत जायची, दोन तास जाऊन येऊन. मी समजावत होतो. तिची आई चुलीपाशी होती, मागे न वळता म्हणाली, “गुरुजी, तुमची खंय जाता?”

माझी मुलगी चिपळूणला होती. इंग्रजी माध्यमात.

काही बोललो नाही. पाणी प्यायलो, निघालो. पुढच्या वर्षी नालासोपाऱ्याचा परत गेला, दोन चौथी पास झाले, पट पाचवर आला आणि माझं समायोजन दुसरीकडे झालं. हरलो त्याचं वाईट वाटत नाही. त्या बाईच्या पाठीला उत्तर देता आलं नाही, ते वाटतं.

स्पष्टवक्ता

गुरुजी, हे लिहायला हिंमत लागते. एवढंच.

केरीकार

गोव्यातून थोडं चांगलं घ्या. आमच्या फोंडा तालुक्यात केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. परवाने झालेले, परदेशी कंपनी सोबत, सरकार त्यांच्या बाजूला. आम्ही शाळकरी पोरं. मोठी माणसं म्हणायची, पठारावर कारखाना म्हणजे खालच्या झऱ्यांत काय येईल ते देवच जाणे. आमची कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, त्या झऱ्यांवर. कुणालाच वाटत नव्हतं थांबेल म्हणून. जानेवारी १९९५ मध्ये गोळीबार झाला, निलेश नाईक हा तरुण गेला. आणि मग कारखाना गोव्यातून गेला तो गेलाच.

जिंकलो असं आम्ही म्हणतो. माझी आई मात्र निलेशचं नाव निघालं की हात जोडते, जिंकलो वगैरे म्हणत नाही.

पंचवटीतून

घाटमाथा, तुम्ही मोठी उदाहरणं नको म्हणालात, पण आमच्या घरात ती वेगळी करता येत नाहीत. माझे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला. अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. त्याच वर्षी रामनवमीला रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, आणि झाली दगडफेक. आजोबांच्या भुवईवर खूण होती. आम्ही पोरं ती बोटानं चाचपायचो.

पाच वर्षं दार उघडलं नाही. आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला जे जाहीर केलं ते सगळ्यांना माहीत आहे. याच्याकडे लोक ‘सत्याग्रह फसला’ म्हणून बघतात. आजोबा वेगळं सांगायचे. म्हणायचे, आम्ही पाच वर्षं दार ठोठावलं म्हणून आम्हाला कळलं की आत जायचंच नाहीये. न ठोठावता हे कळलं नसतं, मनात राहिलं असतं की एकदा विचारायला हवं होतं.

पुढे मंदिर खुलं झालं. मी कॉलेजात असताना एकदा आगाऊपणानं म्हणालो, आजोबा, चला, आता उघडं आहे की. ते चप्पल घालत होते. म्हणाले, “त्यांचं उघडं असेल. माझं बंद झालंय.” आणि गोदाघाटावर फिरायला गेले. १९५६ नंतर आमच्या घरात त्या दाराचा विषय इतिहासाचा होता, हट्टाचा नव्हता.

थांबणं आणि हरणं एक नाही, इतकंच मला यातून कळलंय.

सोललेले वाल

माझा अनुभव न लढल्याचा आहे. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर. पहिल्या केमोनंतर दुसरी, मग डॉक्टर म्हणाले तिसरी वेगळी देऊन बघता येईल, फार आशा नाही. आम्ही तिघं भावंडं लगेच तयार. इंटरनेट पालथं घातलं, क्राउडफंडिंगचं पानसुद्धा लिहून ठेवलं. त्यात ‘आमची आई फायटर आहे’ असं वाक्य होतं. ते तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “फायटर तुम्ही आहात रे. मला घरी न्या.”

नेलं. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, वहीत वेळ लिहून. मधल्या एका बऱ्या सकाळी तिनं भिजवलेले वाल मागितले. मोड आलेले, ओट्यावर फडक्यात होते. बसून सोलले तिनं. साल निघून वाल टपकन् वाटीत पडायचा तो आवाज. अर्धी वाटी झाले आणि थकली. त्या दिवशी बिरडं केलं, तिनं चमचाभर खाल्लं, खोबरं कमी आहे म्हणाली. खरंच कमी होतं.

धाकटी बहीण अजून म्हणते, तिसरी द्यायला हवी होती. तिच्याशी वाद घालत नाही.

काळा कोट

कोल्हापुरात बत्तीस वर्षं वकिली केली. हरणाऱ्या केसेस भरपूर घेतल्या, पोट त्यावरच चाललं म्हणा हवं तर. लालबागच्या ताईंचा मुद्दा आम्हाला रोज दिसतो. पक्षकार ताठ बसलेला असतो, आणि त्याची बायको बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून. म्हणून हल्ली पहिल्या भेटीत कागद बघण्याआधी विचारतो, “घरात हे कुणाला पटलेलं नाही?” बहुतेक म्हणतात, सगळ्यांना पटलंय. मग मी म्हणतो, उद्या त्यांना घेऊन या. निम्मे परत येत नाहीत. फी बुडते.

स्पष्टवक्ता

वकीलसाहेब, असा वकील पहिल्यांदा बघतोय. पत्ता द्या. (गंमत.)

लालबागची

काल रात्री हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं, शेजारच्यांनीही ऐकला असेल. वकिलांचा प्रश्न वाचला आणि विचारलं, आई, तेव्हा तुला कुणी विचारलं असतं तर?

ती म्हणाली, “विचारायला वेळ कुणाला होता? दोनशे चपात्या व्हायच्या रोज.” मग थोड्या वेळानं, मी विषय बदलल्यावर, “नाही म्हटलं असतं असं नाही. पण विचारायला हवं होतं.”

त्यावर अजून विचार करतेय. तिचा मात्र झाला होता. दिवा बंद करताना म्हणाली, त्या शून्यवाल्या पोराचं काय झालं विचार. भाऊ बोलतो का त्याच्याशी?

चाळीस आर

काकूंना नमस्कार सांगा. बोलतो. परवा बांधावर भेटला, तंबाखू मागितली. मोजणी मंगळवारी आहे, दोघंही जाणार आहोत.