स्क्रिप्ट थोपवायला काय वापरता? (बँक चालू राहिली पाहिजे)

रिकामटेकडा: ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, फायरफॉक्स. एक बातम्यांची साइट उघडली की पंखा असा घोंघावतो, आई आतून विचारते मिक्सर कोणी लावला! बातमी चार ओळींची. जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कोड, त्याच ह्या स्क्रिप्ट) सरसकट बंद केली तर बँकेचं लॉगिनचं पान कोरं. साइटनुसार चालू-बंद करता येईल असं काही आहे का?

जुनं_खोड: नोस्क्रिप्ट, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन. २००५ पासून वापरतोय. आधी जवळपास सगळंच बंद, मग आपण एकेका डोमेनला (साइटच्या पत्त्याला) परवानगी द्यायची, कायमची किंवा तात्पुरती. पहिला आठवडा डोकं उठतं, नंतर हात बसतो. पूर्वी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्येच जावास्क्रिप्टची चौकट होती हो, टिक काढली की झालं. २०१३ साली, २३व्या आवृत्तीत, ती काढून टाकली. अजून राग आहे माझा.

कैरीची_डाळ: काका, नवख्या माणसाला नोस्क्रिप्ट म्हणजे पोहायला शिकवायला थेट विहिरीत ढकलणं. @रिकामटेकडा, युब्लॉक ओरिजिन घ्या, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन. त्याच्या खिडकीत कोनी कंसांचं </> चिन्ह आहे (दिसलं नाही तर खालचं 'मोअर' दाबा). ते दाबलं की त्या साइटपुरती जावास्क्रिप्ट बंद. कुलूप दाबलंत तर कायमची. बातम्यांना एवढं पुरतं.

चटक लागली तर सेटिंगमध्ये 'प्रगत वापरकर्ता' वर टिक करा. मग कुठली स्क्रिप्ट कुठल्या डोमेनवरून येते त्याचा तक्ता दिसतो. मी परक्या डोमेनच्या स्क्रिप्ट आणि फ्रेम (पानाच्या आत उघडणारं दुसरं पान) सगळीकडे बंद ठेवते, साइटच्या स्वतःच्या चालू. जाहिराती आणि पाळत ठेवणारे बहुतेक परकेच असतात.

अर्धवट_इंजिनियर: +१. फक्त पैसे भरताना जपून. ओटीपीचं पान बऱ्याचदा परक्या फ्रेममध्ये उघडतं. माझं वीजबिल तिथेच अडकलं, पैसे खात्यातून गेले, पावती नाही. परत यायला पाच दिवस. तेव्हापासून बँकेसाठी फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल (सेटिंग, एक्स्टेंशन सगळं स्वतंत्र), त्यात एकही एक्स्टेंशन नाही.

पाटीवरचा_खडू: क्रोमवर चालेल का हे?

कैरीची_डाळ: मॅनिफेस्ट व्ही३ (क्रोमचे एक्स्टेंशनसाठीचे नियम) आल्यापासून क्रोमवर युब्लॉकचं फक्त 'लाइट' रूप उरलंय, त्यात तो तक्ता नाही. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट साइटनुसार बंद करता येते, तेवढं करा. अँड्रॉइडवर मात्र फायरफॉक्समध्ये पूर्ण युब्लॉक चालतं.

रिकामटेकडा: कोनी कंस दाबला. व्हिडिओ गेला, पंखा गप्प. फोटोही गेले, पण बातमी आहे. बँकेचं वेगळं प्रोफाइल आज रात्री करतो. आई विचारतेय, लॅपटॉप बंद पडला का.