‘प्रोटेक्टिव्ह हेअरस्टाइल’ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दाळू
केसांच्या तेलाच्या एका व्हिडिओचं मराठी करतेय. सहा मिनिटांचा आहे. अटलांटातली एक बाई आरशासमोर बसून स्वतःच्या केसांचे चार झटपट प्रकार करून दाखवते. अडलंय ते शीर्षकावरच. माझ्याआधी कुणीतरी करून ठेवलेलं मराठी असं: ‘नैसर्गिक काळ्या केसांसाठी झटपट व सोप्या संरक्षक केशरचना’.

एका ओळीत तीन घोळ. काळे केस आपल्या घरोघरी आहेत. मूळ इंग्रजी शीर्षकातलं ‘ब्लॅक’ म्हणजे माणसं, केसांचा रंग नव्हे. ‘नैसर्गिक’ म्हणजे रसायन लावून सरळ न केलेले; आपल्याकडे वाचणाऱ्याला वाटेल, टोप नाही म्हणून नैसर्गिक. आणि ‘संरक्षक’ म्हटलं की मला हेल्मेट दिसतं.

कल्पना साधी आहे. केसाचा शेंडा हा केसाचा सगळ्यात जुना भाग, तोच आधी झिजतो, त्यालाच फाटे फुटतात. तो वेणीत, पिळात नाहीतर अंबाड्यात दडवायचा आणि काही दिवस, कधी काही आठवडे, त्याला छेडायचं नाही. केस वाढतात तेवढेच, पण तुटत नाहीत म्हणून लांब दिसतात. या ‘दडवून जपण्या’ला आपल्याकडे शब्द असणारच. सोमवारी द्यायचंय.

कोशकीटक
‘केशरक्षक बंध’. संस्कृतात केशबंध आहेच, फक्त रक्षक जोडा. अर्थ स्वच्छ, संधी-समासाला बाध नाही.

खडूस
राखीपौर्णिमेला केसांना बांधतात ते का?

आत्याबाई
इतका काथ्याकूट कशाला? आम्ही शाळेत जायचो तेव्हा तिपेडी घट्ट वेणी घालून ती वर दुमडायची आणि कानामागे रिबिनीचं फूल. मोकळी लोंबती वेणी चालायची नाही. म्हणजे शेंडे आत दडलेलेच की! आई म्हणायची, “मोकळे केस घेऊन झोपू नकोस, उशी केस खाते.” आम्ही त्याला नुसतं ‘वर बांधणं’ म्हणायचो. “वेण्या वर बांधल्यास का गं?”

शब्दाळू
आत्याबाई, उशीचं तर तंतोतंत जुळलं! व्हिडिओतली बाई शेवटी सॅटिनची टोपी घालून झोपते. सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषतो आणि घासतो, म्हणून.

पण एक फरक आहे. आपल्या सरळ केसावरून टाळूचं तेल आपोआप खाली उतरतं. व्हिडिओतल्या बाईचा केस मुळापासूनच स्प्रिंगसारखा वळत येतो, प्रत्येक वळणावर तेल अडतं आणि शेंडा कोरडा राहतो. म्हणून ती आधी फवाऱ्याने केस ओले करते, मग क्रीम, मग तेल, आणि बोटांनीच गुंता काढते. कोरड्यावर कंगवा फिरवला की तुटलाच. त्यामुळे ‘तेल लावून घट्ट वेणी’ हे आपलं ब्रह्मवाक्य तिथे निम्मंच चालतं.

कोलकात्याची सून
‘खोपा’ कसा वाटतो? खोपा म्हणजे केसांचा बांधलेला गोळा, आणि खोपा म्हणजे सुगरणीचं घरटंही. पिल्लं आत, वारा बाहेर. शेंडे घरट्यात ठेवलेत, यापरतं संरक्षण काय असणार? इकडे बंगालीत ‘खोंपा’ म्हणतात, रोजच्या वापरातला शब्द आहे. सासूबाई अजून म्हणतात.

सोलापूरकर
तेलुगूत ‘कोप्पु’. आमच्या गल्लीतल्या पद्मशाली आज्या कोप्पु घालून त्यात फुलं खोचायच्या. शब्द दक्षिणेतून वर गेलाय, हे मी शाळेपासून सांगत आलोय.

कोशकीटक
किंवा वरून खाली आला असेल. बंगालपर्यंत गेला तो सोलापूरवरूनच गेला, याला पुरावा काय?

सोलापूरकर
वर जायला सोलापूर जंक्शन लागतंच.

कोशकीटक
मूळ मुद्द्याकडे येऊ. खोपा एका रचनेचं नाव आहे, या प्रकाराचं नव्हे. शब्दाळूताईंना सगळ्यांना सामावणारा शब्द हवाय. त्यात वेणीही येते, पीळही येतो.

शब्दाळू
बरोबर. चार प्रकार असे आहेत. एक, दोन पेडांचे पीळ: ओल्या केसांची बट घेऊन तिचे दोन भाग एकमेकांभोवती वळत शेंड्यापर्यंत न्यायचे. दोन, टाळूला चिकटून घातलेल्या वेण्यांच्या ओळी, म्हणजे कॉर्नरो. तीन, डोकंभर लहान लहान गुंडाळे, म्हणजे बांतू नॉट्स. चार, मानेवर बसका अंबाडा. पहिल्याला मी ‘दुपेडी पीळ’ लिहिलंय. तिसऱ्याला ‘बांतू गाठी’.

पुण्याचा डॉक्टर
‘डोक्यात गाठी’ नका हो लिहू. माझ्याकडे उद्या चार माणसं स्कॅन करायला येतील.

आणि घट्ट बांधण्याबद्दल एक सांगतो. सतत ताण पडला तर कपाळावरची, कानशिलावरची केसांची कड मागे सरकत जाते. याचं पहिलं वर्णन १९०७ साली ग्रीनलंडमधल्या बायकांच्या केसांवरून झालं. तिथे केस वर ओढून बांधायची पद्धत होती. पगडीखाली केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांतही दिसतं. तेव्हा ‘संरक्षक’ म्हणा की ‘रक्षक’, बांधल्यावर कपाळ ताणलं जात असेल किंवा बारीक पुळ्या येत असतील तर ते रक्षण नव्हे. त्याच वेण्या महिनोन्‌महिने ठेवायच्या नाहीत, सहा-आठ आठवड्यांत सोडवायच्या.

खडूस
तर ‘बांतू बुचडे’ करा. बुचडा हा मराठीतला सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे. घाईत बांधलाय हे ऐकूनच कळतं. झटपट आणि सोपं दोन्ही त्यात आलं.

शब्दाळू
बुचडा ऐकला की मला भांडी घासायला बसलेली बाई दिसते. व्हिडिओतल्या बाईचे गुंडाळे भूमितीच्या वहीसारखे आहेत, चौकोनी भांग पाडून. बुचडा म्हटलं तर ती मला कोर्टात खेचेल.

सरीवरंबा
कॉर्नरोला काय लिहिलंत?

शब्दाळू
‘मक्याच्या ओळींच्या वेण्या’. हसू नका.

सरीवरंबा
हसत नाही, पण मका सोडा. नाव शेतातल्या ओळीवरून आलंय ना, मग शेतकऱ्याला विचारा. आमच्याकडे पाभरीने पेरल्यावर उमटतात त्या काकऱ्या. म्हणून आधी ‘काकरवेणी’ सुचली. मग फोटो बघितला. काकरी जमिनीत खाली जाते. इथे वेणी वर उचललेली आहे आणि दोन वेण्यांच्या मधे टाळू दिसते ती खाली. म्हणजे टाळू ही सरी आणि वेणी हा वरंबा. शब्द ‘वरंबावेणी’ झाला पाहिजे.

गंमत म्हणजे बहीण त्रिनिदादला जाऊन आली, ती म्हणते कॅरिबियन बेटांवर याला मक्याच्या नाही, उसाच्या ओळी म्हणतात, ‘केनरो’. ऊस सरीतच लावतात हो! तिथल्या उसाच्या मळ्यांवर कोण राबलं आणि कुणी राबवलं, हे त्या नावातच राहिलंय.

नैरोबीकर
सरीवरंबा, तुम्हाला साष्टांग. मी तीस वर्षं नैरोबीत आहे. इथे या वेण्यांना ‘मातुता’ म्हणतात. आणि मातुता म्हणजे काय? शेतातले वरंबे! रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरलाही मातुताच. तुम्ही फोटो बघून जो शब्द केलात तोच स्वाहिलीने आधीच केलेला आहे.

आमच्या दुकानासमोरच्या ओट्यावर दर शनिवारी एक वेणी घालणारी बसते. गिऱ्हाईक खाली लाकडी पाटावर, डोकं हिच्या दोन गुडघ्यांत. शेपटीच्या कंगव्याचं टोक कपाळापासून मानेपर्यंत एका दमात ओढते, भांग सुतासारखा सरळ. मग डाव्या करंगळीत एक पेड अडकवून ठेवते आणि उरलेल्या बोटांनी टाळूजवळून थोडा थोडा केस उचलत पुढे सरकते. सगळा वेळ गप्पा चालू, नजर डोक्यावर नाहीच. लहान मुलीच्या सहा ओळी माझा चहा होईस्तोवर संपतात. वेणी घालण्याला क्रियापद ‘कुसुका’. चटई विणणं, दोर वळणं, तेही कुसुकाच.

कोशकीटक
आपल्याकडे तेच! वेणी आणि विणणे एकाच धातूचे. म्हणून तर त्रिवेणी.

सोलापूरकर
त्रिवेणी म्हणजे तीन वेण्या, तीन विणकामं नव्हे. कानाला जुळलं की झाली व्युत्पत्ती, असं नसतं.

कोशकीटक
खोपा सोलापूरवरून गेला म्हणणाऱ्याने हे सांगावं!

नव्वदची मावशी
नैरोबीकर, या वेण्यांत पळवाटांचे नकाशे विणायचे ना गुलामगिरीच्या काळात? कुठेतरी वाचलं होतं.

नैरोबीकर
सांगतात तसं, पण त्या काळचा लेखी पुरावा नाही. सुरीनाममध्ये मळ्यांवरून पळून रानात वसलेल्या मरून लोकांची गोष्ट जास्त धरून आहे: आयांनी केसांत भाताचे दाणे दडवून आणले. तीही तोंडी परंपराच, पण तिथे ती आजही पिढ्यांच्या नावानिशी सांगतात.

आत्याबाई
केसांत भात! आणि आम्ही केसांत फुलं माळतो म्हणून केवढं कौतुक.

हल्याळचा
मी मराठी शाळेत शिकलो ते कर्नाटकात. आमच्याकडे हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी लोक आहेत, मूळचे आफ्रिकी वंशाचे, बरेच जण कोंकणी बोलतात. वर्गातल्या सिद्दी मुलीला बाई रोज म्हणायच्या, “झिंज्या आवरून ये.” आवरलेलेच असायचे! तिची आई पहाटे उठून बारीक बारीक वेण्या घालून, त्या एकमेकींत अडकवून पाठवायची. तेल चमकत असायचं. बाईंना आवरलेलं म्हणजे फक्त सरळ आणि खाली बसलेलं कळायचं.

तर शब्द शोधताना एवढं बघा, की मराठीत या केसांसाठी जे तयार शब्द आहेत ते झिंज्या, झिपऱ्या, जंजाळ. सगळे शिव्याच.

कोशकीटक
भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत ‘लोकरीसारखे केस’ असा शास्त्रीय शब्दप्रयोग होता. तो निर्विष आहे.

हल्याळचा
लोकर मेंढीची असते, सर.

नव्वदची मावशी
न्यू जर्सीत राहते, म्हणून ‘नैसर्गिक’बद्दल सांगते. इथे केस सरळ करायला जे रिलॅक्सर लावत आलेत त्यातल्या जुन्या प्रकारात कॉस्टिक सोडाच असतो. टाळू भाजायची. नोकरीसाठी बायका ते सोसायच्या. वेण्या किंवा पीळ घालून आली म्हणून कुणाला कामावर किंवा शाळेत अडवू नये, असा कायदा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा केला, क्राउन ॲक्ट म्हणतात. नंतर बऱ्याच राज्यांनी केला, आमच्याही. तेव्हा ‘नॅचरल’ला नुसतं नैसर्गिक म्हणणं पाणचट वाटतं. ‘सरळ न केलेले’ हेच लिहा. त्यात नकार आहे, आणि तो असायलाच हवा.

शब्दाळू
हे पटलं. ‘ब्लॅक’ला मात्र ‘कृष्णवर्णीय’ लिहायला हात धजत नाही, अग्रलेख वाटतो. ‘आफ्रिकी वळणाचे केस’ म्हणू का? वळण दोन्ही अर्थी.

खडूस
वा! हे मात्र चोरणार मी.

कोशकीटक
श्लेष शीर्षकात नको. जाहिरात आहे, लावणी नाही.

गाठसोडवी
उशिरा येतेय. व्हिडिओच्या शेवटी लॉक्स, म्हणजे ड्रेडलॉक्स, दाखवत असतील तर त्यांचं कृपया ‘जटा’ करू नका. मी जट सोडवण्याच्या कामात आहे. आमच्याकडे बाईच्या केसांत जट झाली की यल्लम्माचं बोलावणं म्हणून ती कापू देत नाहीत. मागच्या महिन्यातल्या आजीची जट कातरायला मला दोन तास लागले. खाली मानेला जखम होती. आजींनी मोकळी मान तीन वेळा उजवीकडे-डावीकडे फिरवली आणि म्हणाल्या, “हलकं लागतंय गं.” लॉक्स मुद्दाम वळतात, धुतात, निगा राखतात. जट होते, लॉक्स करतात. एकच शब्द दोघींना लावला तर दोघींवर अन्याय.

सरीवरंबा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जटा सुचवणार होतो.

शब्दाळू
मीही लिहून मोकळी झाले होते. आत्ता खोडलं. ‘लॉक्स’च ठेवते.

आत्याबाई
आणि खोटे केस जोडून वेण्या घालतात त्याला ‘गंगावन’ म्हणा बरं का! एक्स्टेन्शन वगैरे काही नको. आमच्या मामीचं गंगावन एकदा लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता आमटीत पडलं होतं.

शब्दाळू
गंगावन! नक्की वापरते. बॉक्स ब्रेड्स, म्हणजे चौकोनी भांग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या, त्यांच्या ठिकाणी चपखल बसतं.

खडूस
तुमच्या ग्राहकाला गंगावन कळणार आहे का? वय वर्षं अठरा ते तीस ना? त्यांना एक्स्टेन्शन कळतं. प्रोटेक्टिव्ह स्टाइलही कळतं. देवनागरीत लिहा आणि झोपा.

कोशकीटक
मग अंबाडाही बन होऊ दे. झालाच आहे म्हणा.

शब्दाळू
तात्पुरतं असं पाठवतेय: ‘आफ्रिकी वळणाच्या, सरळ न केलेल्या केसांसाठी: शेंडे जपणाऱ्या चार झटपट बांधण्या’. कॉर्नरोला वरंबावेणी, पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं. बांतू नॉट्सचं अजून ठरलं नाही.

खडूस
‘बांधण्या’? बांधणीची साडी विकताय का?

कोलकात्याची सून
‘शेंडे जपणारा खोपा’ अजून वेळ आहे…

सरीवरंबा
पिळाबद्दल एक राहिलं. पाणी सुकलं की ते केस आखडून निम्मे दिसतात म्हणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते इथे स्तुती म्हणून वापरता येईल.

आत्याबाई
वेणीच्या शेवटी बांधायचा गोफ असायचा ना, त्याला आम्ही आगवळ म्हणायचो. तो शब्द कुठे बसतो का बघ, वाया जाऊ देऊ नकोस.

सोलापूरकर
ती आगवळ की ते आगवळ? आमच्याकडे ‘ते’.

आत्याबाई
ती!

कोशकीटक
थांबा, मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो.