जुनी रॅले घ्यायची आहे : आधी काय तपासावे आणि रंग काढावा का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या इमारतीतील एक निवृत्त शिक्षक त्यांची जुनी रॅले सायकल मला देण्यास तयार आहेत. सायकल काळी, दांड्याची आणि रॉड ब्रेकची (तारेऐवजी लोखंडी सळयांनी ओढला जाणारा ब्रेक) आहे. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब (गिअर आत असलेला चाकाचा मधला भाग) आहे आणि चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्यांची डोकी कापलेली आहेत. बरीच वर्षे ती जिन्याखाली उभी होती, त्यामुळे रिमवर गंजाचे ठिपके आले आहेत, सीट पाईप जागचा हलत नाही आणि एका कॉटरच्या (पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणाऱ्या पिनेच्या) नटावर हातोड्याच्या खुणा आहेत. जवळच्या दुकानदाराने सगळा रंग काढून पावडर कोटिंग करावे आणि दोन्ही रिम बदलाव्यात असे सुचवले. मला ती दिवाणखान्यात ठेवायची नसून रविवारी सकाळी चालवायची आहे. घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे, आणि रंगाचे काय करावे?

उत्तर (ऐरोली)

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करा, कारण जुन्या सायकलची खरी किंमत फ्रेम आणि हबवर ठरते. पुढून धडक बसलेली असेल तर हँडलखालच्या उभ्या नळीच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, रंगाला सुरकुती किंवा पत्र्याला बारीकसा फुगवटा आलेला असतो. तो डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण बोट फिरवले की हाताला लागतो. त्यानंतर मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजा. फरक जास्त आला तर फ्रेम वाकलेली आहे. फ्रेममध्ये शिरलेले पाणी शेवटी पायडलच्या कवचात (पायडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या तळच्या नळीत) साचते, म्हणून ते कवच खालून ठोकून पाहायला विसरू नका. आपल्या खाडीकाठच्या हवेत गंज बहुधा तिथून सुरू होतो.

हबच्या कवचावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ‘५६ ३’ असे दिसले तर तो हब मार्च १९५६ चा. चाक नंतर बदललेले नसेल, तर त्यावरून सायकलच्या वयाचाही अंदाज येतो.

सायकल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची आहे की आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली, हेही बिल्ल्यावर पाहून घ्या. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या पायडलच्या कवचात इंचाला २६ आटे असतात, तर बाजारात सर्रास मिळणारे कप (छर्रे ज्यात फिरतात त्या वाट्या) २४ आट्यांचे असतात. ते जोर लावून बसवले की कवचाचे आटे कायमचे जातात. त्यामुळे जुने कप शाबूत असतील तर फेकू नका, फक्त छर्रे आणि ग्रीस बदला.

आता रंग. माझे स्पष्ट मत आहे की तो काढू नये. भट्टीत भाजलेले ते काळे इनॅमल आणि त्यावरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत. शिवाय पावडरच्या जाड थराने आटे बुजतात आणि फ्रेमवरचे क्रमांक झाकले जातात. फ्रेम साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा आणि वर मेणाचा हात द्या. पत्रा उघडा पडला असेल तेवढ्याच जागी ब्रशने काळा रंग लावा.

उत्तर (पाचपाखाडी)

रंगाबाबत सहमत आहे. कॉटरविषयी थोडे लिहितो, कारण बहुतेक सायकली तिथेच बिघडवल्या जातात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा. नट पूर्ण काढू नका. तो पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर पडणार नाही. क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) खाली, पिनेचे डोके आत जाईल असा लोखंडी पाईपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा आणि मग वरून एकच जोरदार घाव घाला. आधार दिला नाही, तर सगळा मार कप आणि छर्ऱ्यांवर जातो. नवी पिन घेताना जुनी सोबत न्या, कारण रॅलेची पिन ९.५ मिलिमीटरची असते आणि दुकानात पुष्कळदा ९ ची हातात देतात. बसवल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळावा लागतो.

सीट पाईपलाही तेल आणि सबुरीच लागते. तो पान्यात धरून पिळू नका.

उत्तर (सीवूड्स)

रिमवर नुसते ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासा, क्रोम बऱ्यापैकी वर येते. मात्र ब्रेकचे रबर जिथे टेकते तिथे पापुद्रे सुटले असतील, तर रिम बदलणेच योग्य. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकली आजही २८ × १½ मापाच्या टायरवर धावतात आणि त्यांनाही पुढे ३२ व मागे ४० आरे असतात, त्यामुळे रिम, टायर, ट्यूब हे सारे अजून सहज मिळते. जुन्या रिम काढल्या तरी जपून ठेवा.

ओल्या क्रोमवर रॉड ब्रेक जवळजवळ धरत नाहीत, हे मात्र गांभीर्याने घ्या. पावसाळ्यात ही सायकल बाहेर काढू नये आणि येऊरचा उतार तर कोरड्या दिवसांतही तिच्यासाठी नव्हे. पाम बीच रस्त्याच्या सपाटीवर, पहाटे रहदारी वाढण्यापूर्वी, ती ताठ बसून आरामात चालते. चढ नको असले तरी खाडीवरचे पूल लागतातच. मागचे चक्र १८ दातांचे असेल तर त्याजागी २२ चे टाका. चेन थोडी लांब करावी लागेल, पण तिन्ही गिअर हलके होतील.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोऱ्याने मोजले, दोन्ही बाजू सारख्या आल्या आणि फुगवटाही कुठे नाही. हबवर ‘५८ ४’ आहे. सायकल घेतो आहे आणि रंगाला हात लावणार नाही. फक्त जोर दिला की दुसऱ्या गिअरमध्ये पायडल मधूनच रिकामे फिरते. हब उघडावा लागेल का?

उत्तर (ऐरोली)

इतक्यात उघडू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते आणि तार ढिली झाली की हब तिथे घसरतो. आधी कवचावरच्या तेलाच्या भोकातून चमचाभर पातळ मशीन ऑइल सोडून चाक फिरवत राहा, म्हणजे आतले आळलेले तेल सुटेल. मग गिअर दुसऱ्यावर ठेवा आणि उजव्या नटाच्या खिडकीतून आत पाहा. बारीक साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवा. तसा येईपर्यंत तारेचा आवळणीचा तुकडा फिरवा आणि लॉकनट घट्ट करा. हे जुळेपर्यंत पायडलवर उभे राहून जोर देऊ नका.