मदत हवी आहे: टीबीमुळे तीन वर्षांचा गॅप, मुलाखतीत काय सांगू?

नमस्कार मंडळी. पुण्यात 9 वर्षं अकाउंट्समध्ये होते. 2022 मध्ये मणक्याचा टीबी निघाला. 18 महिने गोळ्या, मग फिजिओ. तीन वर्षं घरातच गेली. आता फिटनेस सर्टिफिकेट मिळालंय, फक्त तासाभराहून जास्त सलग बसायचं नाही.

टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) अजून हातात आहे. मधल्या काळात ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा 5 कोटींवर आली, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले, ते वाचतेय. अडतंय मुलाखतीत. ‘टीबी’ म्हटलं की समोरचा खुर्ची मागे सरकवतो. (नुसत्या मणक्याचा पसरत नाही हो!) ‘घरगुती कारण’ सांगू का? पीएफच्या पासबुकात गॅप तर दिसतोच. की आधी एखाद्या सीएकडे अर्धवेळ काम धरू? कुणी यातून गेलंय का?