मदत हवी आहे: बंद खाणीतून तांबडं पाणी येतंय, चुनखडी टाकूनही फरक नाही

ओढाकाठ
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. बंद पडलेल्या खाणीच्या बोगद्यातून बारमाही पाणी वाहतं आणि खाली ओढ्याला मिळतं. तिथून पुढे ओढ्याचा तळ नारिंगी. मासा नाही, खेकडा नाही, दगड उलटला तर खाली एक अळीसुद्धा नाही. आम्ही बारा-पंधरा जण सहा महिने यामागे आहोत. कुणीतरी सांगितलं, चुनखडी टाका, आम्ल मरतं. दोन ट्रॉल्या चुनखडी ओहोळात अंथरली. पंधरा दिवस फरक दिसला, आता दगडांवर तांबडा थर बसलाय आणि पाणी पुन्हा होतं तसंच. आणखी किती टाकायची? की दुसरं काही औषध आहे? 'तज्ज्ञांना भेटा' असं कृपया लिहू नका, भेटून झालंय. रविवारी पुढचं काम ठरलंय, त्याआधी उत्तर हवं.

भूजल
खाण कसली होती? पाणी किती येतं? सामू (पीएच; ७ च्या जितका खाली तितकं पाणी जास्त आम्ल) किती आणि कुठे मोजला? यातलं काहीच माहीत नसताना 'किती टाकायची' याला उत्तर नाही.

पाणकणीस
चुनखडी सोडा, पाणथळ करा. उथळ तळी, त्यात पाणकणीस आणि लव्हाळे. अमेरिकेत कोळसाखाणींचं पाणी नैसर्गिक दलदलीतून गेल्यावर निवळतं हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्यावरूनच अशी तळी मुद्दाम बांधायला सुरुवात झाली. वीज नको, रसायन नको. मी स्वतः सांडपाण्यासाठी असं तळं केलंय, चार वर्षं उत्तम चाललंय.

मीनलताई
लोह असलेलं पाणी उकळून काही उपयोग होत नाही, लोह तसंच राहतं. घरी गाळणयंत्र बसवण्याआधी टाकीत पाणी खळाळून पडू द्या, रात्रभर निवळू द्या आणि वरचं घ्या. आमच्या विहिरीला असंच होतं.

ओढाकाठ
@मीनलताई, पिण्याचा प्रश्न नाहीये, ओढ्याचा आहे.
@भूजल, कोळशाची. पाणी बऱ्यापैकी येतं. सामू पट्टीवर बघितला होता. बोगद्याच्या तोंडाशी ६ आला. तिथलं पाणी चांगलंच आहे, काचेसारखं स्वच्छ, म्हणून लिहिलं नाही. खाली दोनशे मीटरवर ३.५.

भूजल
ज्याला तुम्ही 'चांगलंच आहे' म्हणताय तिथेच सगळी गोम आहे. कोळशाच्या थरात पायराइट असतो, म्हणजे लोह आणि गंधक. खाण खोदली की त्याला हवा आणि पाणी मिळतं आणि गंधकाम्ल तयार होतं. काही जिवाणू हे काम आणखी वेगाने करतात. बोगद्यातून बाहेर पडताना लोह फेरस रूपात असतं, पूर्ण विरघळलेलं, म्हणून पाणी नितळ दिसतं. बाहेर हवा लागली की त्याचं फेरिक होतं, तांबडा गाळ बसतो आणि तो बसतानाच पाण्यात नवं आम्ल सुटतं. त्यामुळे सामू वर ६ आणि खाली ३.५. तुमची चुनखडी उघड्यावर होती, गाळ तिच्याच अंगावर बसला. दगड आतून शाबूत असेल, पण पाणी त्याला शिवतच नाही.

चुनकळी
म्हणून तर दगड नकोच, भिजवलेला चुना हवा. टाकीत कालवून पाण्यात सोडायचा, सामू ८.५ च्या पुढे न्यायचा. लोह तासाभरात खाली बसतं. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत आतल्या पाण्याचा सामू शून्याच्याही खाली, उणे ३.६ मोजला गेलाय, आणि तिथलं पाणीसुद्धा चुन्यानेच आवरलंय. मग तुमचं ३.५ म्हणजे किरकोळ.

पाणकणीस
तिथे अख्खा कारखाना आहे, माणसं पगारावर आहेत. इथे बारा-पंधरा जण आहेत. रोज टाकी कोण कालवणार? आणि दहा वर्षांनी?

चुनकळी
आणि ३.५ च्या पाण्यात तुमचं पाणकणीस लोह किती काढणार? पाणी आम्लधर्मी असेल तर पाणथळीचा वेग निम्म्याहून खाली येतो. सांडपाण्याचं तळं आणि खाणीचं पाणी यांत फरक आहे.

बांधकामी
मुळावर घाव घाला. बोगद्याला सिमेंटचं जाड बूच मारा. आत पाणी भरलं की हवा संपली, हवा संपली की आम्ल संपलं. भूजलने लिहिलंय त्यावरून हेच निघतं.

भूजल
तत्त्व बरोबर आहे. पाण्याखाली बुडालेला पायराइट जवळपास गप्प बसतो. पण पाणी कुठपर्यंत चढेल आणि दुसरीकडून कुठे फुटेल हे खाणीचा नकाशा असल्याशिवाय कळत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, उपसा थांबला, पाणी चढत गेलं. जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्याचं बूच फुटलं आणि कोट्यवधी लिटर दूषित पाणी खाडीत गेलं.

ओढाकाठ
बूच वगैरे आमच्या आवाक्यातलं नाही. उलट आम्ही मोकळं करणार आहोत. वरच्या अंगाला अजून एक तोंड आहे, दगडमाती कोसळून बुजलेलं, तिथून नुसतं झिरपतं. रविवारी जेसीबीने ती माती काढायची, म्हणजे तिथलंही पाणी एकाच चरात घेता येईल. मला फक्त चुनखडीचा हिशेब सांगा.

जुनाखाणकामगार
थांबा. रविवारचं काम रद्द करा. मी बावीस वर्षं जमिनीखाली काम केलंय, असा कधी लिहीत नाही, पण आज लिहितो.
कोसळलेल्या मातीमागे रिकामा बोगदा आहे असं तुम्ही धरून चाललाय. झिरपतंय म्हणजे मागे पाणी आहे. किती उंच, ते बाहेरून दिसत नाही. दहा मीटर पाणी उभं असेल तर मातीच्या त्या भिंतीवर दर चौरस मीटरला दहा टन रेटा असतो. ती माती हेच आज तुमचं बूच आहे. जेसीबीचा दात लागला की ती एकदम सुटेल आणि समोर तुमची माणसं असतील.
आणि कुठल्याही तोंडातून आत डोकवायलासुद्धा जायचं नाही. जुन्या कोळशाच्या कामात हवेत ऑक्सिजनच उरलेला नसतो. वास येत नाही, धूर दिसत नाही, माणूस बसल्या जागी पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो.

भूजल
काकांशी शंभर टक्के सहमत. ५ ऑगस्ट २०१५, कोलोरॅडोतली गोल्ड किंग खाण. अगदी हेच. बुजलेल्या तोंडापाशी यंत्राने माती काढत होते, तेही सरकारी पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली. मागचं पाणी त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त दाबाखाली होतं. १ कोटी १० लाख लिटरहून जास्त पाणी एका झटक्यात बाहेर आलं आणि अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली.

बांधकामी
जेसीबी नको हे मान्य. पण खाण कुणाच्या मालकीची आहे ते लिहिलं नाहीत. अमेरिकेत मदत म्हणून खाणीच्या पाण्याला हात लावणाऱ्यावरच त्या पाण्याची जबाबदारी पडायची, या भीतीने कितीतरी संस्था पुढे येत नव्हत्या. धातूंच्या सोडलेल्या खाणींसाठी तिथे २०२४ च्या अखेरीस कायदा करून वाट काढावी लागली. तुम्ही लेखी परवानगी घेतलीय का?

ओढाकाठ
खरं सांगतो, पहिल्यांदा वाचून राग आला. सहा महिने राबतोय आणि सगळे 'थांबा' म्हणतायत. पण काका, तुमचा प्रतिसाद रात्री सगळ्यांना वाचून दाखवला. जेसीबी रद्द. परवानगी फक्त ओढ्याच्या कामाची आहे, खाणीची नाही. आता नेमकं काय मोजू ते सांगा.

भूजल
खालच्या बोगद्यासाठी सांगतो. २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते, सलग काही दिवस. पाण्याचा नमुना तोंडाशीच घ्यायचा. सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षारता (म्हणजे आम्ल मारायची पाण्याची स्वतःची ताकद) जागेवर मोजायची, कारण बाटलीत वाट बघत बसलं की लोह बसतं आणि आकडे बदलतात. धातूंसाठी वेगळी बाटली, गाळून आणि नायट्रिक आम्ल घालून. ते काम प्रयोगशाळेच्या माणसाकडून करून घ्या. त्यात एकूण लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागा. फेरस आणि फेरिक वेगळं मात्र जागेवरच मोजून घ्या, नायट्रिक घातलेल्या बाटलीतून ते नीट कळत नाही.

मीनलताई
अवांतर: हा तांबडा गाळ म्हणजे लोहाचा ऑक्साइडच ना? अमेरिकेत ओहायोमध्ये खाणीच्या पाण्यातून तो काढून चित्रकारांसाठी रंग बनवलेत. ओढ्यात बसण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल.

चुनकळी
@मीनलताई, गाळात दुसरे जड धातू नसतील तरच. आधी तपासणी.

ओढाकाठ
बारा दिवसांनी लिहितोय. बादली १२ सेकंदांत भरते. लोह लिटरला ४० मिलिग्रॅम, जवळजवळ सगळं फेरस. क्षारता २५. अ‍ॅल्युमिनियम आणि फेरिक दोन्ही १ च्या खाली. ऑक्सिजन ०.६.

भूजल
हे आकडे पाहून खरंच आनंद झाला. मिनिटाला १०० लिटर, म्हणजे दिवसाला १ लाख ४४ हजार. रोज पावणेसहा किलो लोह. एवढं लोह बसताना लिटरमागे सुमारे ७२ मिलिग्रॅम आम्लता तयार होईल, तुमच्याकडे क्षारता आहे २५. साधारण ४७ कमी पडतात.
ऑक्सिजन, फेरिक, अ‍ॅल्युमिनियम तिन्ही १ च्या खाली आहेत, त्यामुळे चुनखडी जमिनीखाली पुरता येईल. तोंडातून निघालेलं पाणी हवा लागण्याआधीच बंद चरात घ्यायचं. चरात चुनखडी, वर प्लॅस्टिक, त्यावर चिकणमाती, आणि चर कायम पाण्याने भरलेला. थर बसत नाही, कारण आत लोह फेरसच राहतं. पाणी १५ तास आत राहायला हवं, म्हणजे अंदाजे ३०० टन दगड. ४७ ची तूट भरायला वर्षाला जेमतेम अडीच टन विरघळले तरी पुरे. बाकीचा दगड वेळेसाठी लागतो, आम्लासाठी नाही. चरातून बाहेर पडल्यावर पाणी धबधब्यासारखं खळाळवायचं, मग निवळणीचं तळं, आणि शेवटी @पाणकणीस यांची पाणथळ. आता पाणी क्षारधर्मी असेल, त्यामुळे चौरस मीटरला रोज १० ग्रॅम लोह धरता येतं. सहा गुंठे पुरावेत.

पाणकणीस
रोपं मी देतो. आणि गाळ काढायला तळ्यापर्यंत गाडी जाईल अशी वाट आत्ताच ठेवा, वाळलेला गाळसुद्धा वर्षाला चार टन होईल.

ओढाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. जागा मोजायला उद्या जातोय. एक लिहायचं राहिलं, पावसाळ्यात बोगद्याचं पाणी तिप्पट होतं. त्याने हिशेब बदलतो का?

भूजल
पूर्ण बदलतो. चर, तळं, पाणथळ, सगळं. पावसाळ्यातली बादली आणि पावसाळ्यातला नमुना हातात येईपर्यंत एकही खड्डा खणू नका.