‘खपली’ लिहिले तर चालेल का?

फोंड्याची भाषांतरकार: हात खोलवर भाजलेल्या रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचे मराठी करताना मी ‘एस्कार’ या शब्दापाशी अडले आहे. मेलेल्या कातडीचा हा चिवट थर बोटाभोवती सगळीकडून असला, तर आतल्या सुजेला वाव मिळत नाही, रक्तप्रवाह अडतो आणि थराला उभे छेद द्यावे लागतात. मी ‘खपली’ लिहिले, तर मावशी म्हणाली, “खपली ओढू नये गो, ती आपणहून पडते.”

डिचोलीकर: मावशींचेच बरोबर आहे. खपली हे जखम भरत आल्याचे लक्षण आहे, म्हणून ‘मृतत्वचा’ लिहावे.

म्हापसेकर: तसे कोण बोलतो? खपली गव्हाचे टरफल मळणीत सुटत नाही, ते कांडूनच काढावे लागते. तेव्हा चिकटून बसणारी खपलीही मराठीला ठाऊक आहे. शिवाय खपलेली कातडी ती खपली, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

डिचोलीकर: मग तो गहू पेरल्यावर उगवतो कसा?

निवृत्त परिचारिका, पणजी: आम्ही वॉर्डात ‘जळकी कातडी’ म्हणत असू. ‘काळी’ मात्र लिहू नका, कारण ती कित्येकदा पांढरी, मेणचट असते. रुग्ण कोकणीत ‘हात लासला’ म्हणतो, पण मराठीत लासणे म्हणजे मुद्दाम डाग देणे, हेही ध्यानात ठेवा. शल्यचिकित्सक झोरा यान्झेकोविच यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीत बारीक रक्तबिंदू दिसेपर्यंत हा थर पातळ पातळ काढतात आणि लगेच त्वचारोपण करतात. त्याला ‘छेदन’ नव्हे, ‘तासणे’ म्हणावे.

डिचोलीकर: माणसाचा हात म्हणजे काय फळी आहे? आणि त्वचारोपणाला निदान ‘कलम’ तरी म्हणू नये.

म्हापसेकर: का नाही? मांडीची पातळ त्वचा पूर्ण सुटी करून लावतात, तिला रोपण म्हणा. पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उघडी पडल्यावर हात जांघेतल्या त्वचेला सुमारे तीन आठवडे जोडून ठेवतात आणि मग सोडवतात, ते आमच्या मानकुराद आंब्याचे भेटकलमच आहे: फांदी झाडावरून न तोडता रोपाच्या खुंटाला बांधतात आणि जुळल्यावर सोडवतात.

निवृत्त परिचारिका, पणजी: भेटकलम! रुग्णाला हे एका शब्दात समजले असते.

फोंड्याची भाषांतरकार: आणि त्या थराला काय लिहू?

डिचोलीकर: ते पाहू, आधी भेटकलमात खुंट कोणता धरायचा, हात की जांघ?